दादाच्या मणक्यातली गाठ

दादाची पाठ दुखायला लागली तेव्हा कमरेला पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. मग पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटू लागले, तेव्हा कुठे एमआरआय झाला. छातीच्या भागातल्या मणक्यांत, मज्जारज्जूला बाहेरून दाबणारी गाठ.

दादाला एचआयव्ही आहे आणि तेव्हा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, फार खाली गेली होती. अशा पेशंटच्या मणक्यात काही दिसलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि बहुतेकदा तो असतोही. घरात सगळे म्हणत होते, एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून टाका. न्यूरोसर्जन मात्र ठाम होते, "तुकडा तपासल्याशिवाय औषध नाही." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशनमध्ये दाब मोकळा केला. गाठ निघाली अनैच्छिक स्नायूंच्या पेशींची, जी मणक्यात सहसा सापडत नाही. एचआयव्हीचा उल्लेख वाचून पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी एबर नावाची तपासणी सुचवली. ती तिथे होत नव्हती, म्हणून अर्ज देऊन ब्लॉक मिळवला : मेणाचा छोटा चौकोन, त्यात नखाएवढा करडा तुकडा, कडेला नंबर. मे महिना होता. मेण वितळू नये म्हणून थर्माकोलच्या डब्यात ठेवून मी तो मोठ्या लॅबमध्ये पोचवला.

एबर पॉझिटिव्ह आली, म्हणजे गाठीच्या पेशींत एपस्टाईन-बार विषाणू होता. हा विषाणू 1964 मध्ये सापडला. नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो गुपचूप असतो आणि बहुतेकांना काही करत नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की क्वचित अशा गाठी होतात, एचआयव्हीत तशाच अवयव प्रत्यारोपणानंतरही.

पुढच्या स्कॅनमध्ये यकृतातही गाठ दिसली आणि आमचं अवसान गळालं. पण या आजारात अनेक गाठी असल्या तरी त्या पुष्कळदा एकीतून दुसरीकडे पसरलेल्या नसतात, स्वतंत्रपणे उगवलेल्या असतात, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. केमोची घाई केली नाही. भर एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर दिला, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) खाली आणण्यावर. ही औषधं सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत मिळतात, म्हणून आम्ही तग धरला.

आता दादा काठीशिवाय चालतो. यकृतातली गाठ आहे तेवढीच आहे, पुढचा एमआरआय दिवाळीनंतर. ब्लॉक मी आठवणीने परत आणून मूळ रुग्णालयात जमा केला. पावती फाईलमध्ये आहे, कारण दुसरी गाठ काढायची वेळ आलीच, तर तुलनेला तो लागेल.