कुलूप शाबूत होतं

"दारांची कुलपं तेवढी बदलून द्या," म्हणत बाईंनी नव्या कुलपांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला. गाडी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गडद हिरवी, उघड्या टपाची. या गाड्या १९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडात ऑक्सफर्डशरमधल्या ॲबिंग्डनला बनत. आमचं वर्कशॉप तिथून जवळच, त्यामुळे अशा गाड्या नेहमी येतात. मी दोन तासांचं काम धरलं.

उजवं दार लावायला खांदा द्यावा लागत होता. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट पार मिटलेली, खाली मात्र बोट जाईल एवढी. मनात पाल चुकचुकली. फरशीखाली फळी धरून गाडी मधोमध जॅकने जराशी उचलली, तशी वरची फट उघडली आणि दार अलगद बसलं. दोष कुलपात नव्हताच. गाडी कंबरेतून खचली होती.

एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, रोडस्टरला छप्परही नाही. त्यामुळे पुढचा भाग मागच्याला धरून ठेवायचा बराचसा भार दारांखालच्या दोन सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर, येतो. सिलवरून लोहचुंबक फिरवला, तर हातभर पट्ट्यात तो कुठे चिकटेचना. पत्र्याऐवजी नुसती पुटी! स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तपकिरी पापुद्रे ओंजळभर खाली आले. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तो खारट चिखल सिलच्या पोकळीत साचतो आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. हे आधी कुणीतरी पाहिलं होतं, पाहून वर पुटी आणि रंग मारला होता. त्या माणसाचा राग मला अजून येतो. धडक बसली असती तर बाई कशाच्या आधारावर बसल्या होत्या?

फोनवर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "करा. यांची गाडी आहे ती." यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती.

पत्रा कापण्याआधी गाडी पुन्हा जॅकने सरळ केली आणि दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी बार वेल्ड केले. ते न करता सिल कापलं की गाडी आहे त्याच वाकड्या आकारात कायमची जोडली जाते. वेल्डिंग मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. "आधी माप, मग आग," हे तिथल्या मिस्त्रींचं वाक्य त्या दिवशी तोंडात होतं. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा, तिन्ही थर नवे घातले. फरशीवर जिथे नुसता वरवरचा गंज होता, तिथे वायर ब्रश आणि फॉस्फोरिक आम्ल. पोकळ्यांत शेवटी मेण फवारलं.

कुलपाचं बॅरल, म्हणजे चावी जाते तो नळा, मात्र त्या आम्लात चुकूनही बुडवू नये. ते जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, आम्ल त्यालाच खातं. मी ते रॉकेलने धुतलं. आतल्या पितळी पत्र्या वाळलेल्या ग्रीसने अडकल्या होत्या, बाकी ठणठणीत. चावीच झिजली होती. झिजलेल्या चावीवरून नक्कल काढली तर झीजही नकलेत उतरते. जुन्या चावीवर 'एफएस' मालिकेचा नंबर कोरलेला होता, त्यावरून नवी कापून घेतली.

सहा आठवड्यांनी बाई आल्या. जुनी चावी त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि नवीने दार उघडलं. दोन बोटांनी लोटलं. खट्ट. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. नव्या कुलपांचा खोका मी तसाच न फोडता त्यांच्या हातात दिला.