चतुःसीमेतले गावकूस

भूमापक म्हणून सोलापुरात नोकरी करताना मी असंख्य घरांच्या हद्दी दाखवल्या. परंतु तुळजापूर वेशीजवळच्या, म्हणजे माझे बालपण जिथे गेले त्याच भागातल्या एका घराच्या मोजणीचा दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो.

दोन शेजाऱ्यांमध्ये मधल्या भिंतीवरून वाद होता. माळवदाच्या त्या जुन्या घराच्या इतर भिंती दीड-पावणेदोन फुटांच्या होत्या, आणि वादातल्या भिंतीला टेप लावला तेव्हा ती पाच फूट आठ इंच भरली. खालचे चार थर घडीव काळ्या दगडाचे, वर पांढरी माती. एवढी जाड भिंत कोणी घरासाठी बांधत नाही, हे मनात येत असतानाच घरातल्या आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून एक मोडी खरेदीखत आणि त्याची बाळबोध नक्कल माझ्यासमोर ठेवली. "साहेब, ही भिंत ह्यांची बी नाही, आमची बी नाही. वेशीची हाय म्हणायचा माझा आजा," असे ते म्हणाले. नकलेतल्या चतुःसीमेत, म्हणजे घराच्या चारी बाजूंच्या हद्दींच्या नोंदीत, लिहिले होते : पूर्वेस गावकूस.

गावकूस म्हणजे गावाभोवतीचा तट. तो शब्द वाचून मी क्षणभर थांबलो. "वेशीपर्यंतच जा, पुढे जाऊ नकोस," असे आई मला रोज बजावत असे, आणि मी ती आज्ञा पाळतही असे; पण वेस म्हणजे तटबंदीतला दरवाजा, आणि तट आहे म्हणजे कधीतरी कोणीतरी त्यावर चालून येणार हे गृहीत धरलेले आहे, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस ही नावे आम्ही रिक्षावाल्याला सांगतो, पत्रावर लिहितो, आणि त्यांतला दरवाजा मात्र कोणालाच दिसत नाही.

चालून आलेही होते. १८१८ च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यात आष्टीजवळ इंग्रजांशी लढताना पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावाचा डाव जवळजवळ संपला. तरी सोलापुरात पेशव्यांचे पायदळ आणि तोफा होत्या, व त्यांच्या बाजूने तोफखान्याच्या पानसे घराण्यातले गणपतराव लढत होते. १० मे १८१८ रोजी इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेने शिड्या लावून पेठेचा तट चढला. बाहेर लढणारी फौज मोडल्यावर भुईकोट किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि काही दिवसांतच किल्ला शरण आला. त्या पहाटे या वेशींच्या आत जी कुटुंबे होती, त्यांनी दारे लावून काय ऐकले असेल, याचा विचार त्या भिंतीवर हात ठेवल्यावर मला टाळता येईना.

माझ्या मावशीचे घर सोलापूरच्या लष्कर नावाच्या भागात होते. तिथल्या लष्कर आणि सदर बझार या दोन्ही नावांमागे इंग्रजांची छावणी आहे. छावणीतल्या मुख्य बाजाराला सदर बझार म्हणण्याची तेव्हा पद्धतच होती. छावणी उठून किती पिढ्या लोटल्या, तरी लोक "लष्करात जाऊन येतो" असेच म्हणतात. जिंकलेल्यांचे नाव लष्करात राहिले आणि हरलेल्यांचे वेशीत, असे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

भिंत वेशीच्या तटाचीच आहे असे मी सिद्ध करू शकत नव्हतो, आणि ते माझे कामही नव्हते. नकाशावरची रेषा भिंतीच्या मधोमध जात होती, ती मी दोघांना दाखवली. मात्र पंचनाम्यात नुसते "सामाईक भिंत" असे लिहायला हात धजेना. मी दगडी थरांची जाडी आणि उंची नोंदवली आणि खाली जुन्या खरेदीखतातले शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. शेजाऱ्याने सही करण्याआधी ती ओळ दोनदा वाचली, उठून भिंतीजवळ गेला आणि दगडाला टेकवून ठेवलेली आपली सायकल बाजूला घेतली.