वडिलांची मूळव्याध आणि माझी कोलोनोस्कोपी

वडिलांच्या शौचातून रक्त जात असे, तेव्हा तालुक्याला आणि गावातही सगळ्यांनी ते मूळव्याधीचेच मानले; दोन वर्षे मलम आणि चूर्ण चालले. मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे ५४ व्या वर्षी कळले, तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला होता. त्या दोन वर्षांत बोटाने गुदद्वार तपासण्याची पाच मिनिटेही कोणी दिली नाहीत, ही खंत मला आजही आहे.

मला मात्र कसलाच त्रास नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावले की सर्वसाधारण माणसाने ४५ व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी, शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणीही त्यासाठी चालते. परंतु आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करावी. मी ४३ वर्षांचा होतो, म्हणजे तीन वर्षे उशीर झालाच होता.

आई म्हणाली, "काहीच दुखत नाई, तं नळी कायले घालून घेतं बापा?"

खरी परीक्षा पोट साफ करण्याची. तीन दिवस आधीपासून भाकर, पालेभाजी, जवसाची चटणी बंद. आदल्या दिवशी फक्त नारळपाणी, साखरपाणी, गाळलेले वरणाचे पाणी. दोन लिटर पाण्यात कालवलेले औषध अर्धे रात्री आणि अर्धे पहाटे घ्यायचे होते. ते पिऊन यवतमाळ जिल्ह्यातून एसटीने नागपूर गाठणे शक्यच नाही, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच बहिणीकडे मुक्कामाला गेलो. खेड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने ही सोय आधी करावी, कारण आतडे नीट साफ नसेल तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, नजरेतून सुटतो आणि सारे पुन्हा करावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी गुंगीत झाली. अर्ध्या तासात संपली. ११ मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला आणि तारेच्या फासाने त्याच वेळी काढला. असा पॉलिप कर्करोगात बदलायला बहुधा दहाएक वर्षे घेतो आणि तोवर काहीच दुखत नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर तेच होते. आठवड्याने अहवाल आला: अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, पण अजून कर्करोग नाही. पुढची तपासणी तीन वर्षांनी.

धाकटा भाऊ दिवाळीत चाळीस पूर्ण करतो. तूर निघण्याआधीची त्याची तारीख मी घेऊन ठेवली आहे, आणि या वेळी आईने स्वतःच विचारले, "लहान्याले कधी नेतं?"