लाइट गेल्यावर ईएक्सटी४ काय वाचवतं आणि काय नाही

मे संपत आला की इंदूरला वादळी सरी सुरू होतात आणि लाइटची ये-जाही. सियागंजातल्या एखाद्या पेढीवरचं लिनक्स मशीन धाडकन बंद होतं, लाइट आल्यावर निमूट चालू होतं, लॉगमध्ये ‘रिकव्हरी कम्प्लीट’ दिसतं. मग दहा सेकंद आधी सेव्ह केलेली बिलांची फाइल उघडावी, तर शून्य बाइट. या फाइली डिस्कवर मांडून ठेवणारी फाइल सिस्टीम म्हणजे ईएक्सटी४, आणि तिची बदलांची नोंदवही म्हणजे जर्नल. ‘अहो, जर्नल होतं ना?’ होतं, आणि त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. बिलं सांभाळणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

फाइलच्या शेवटी चार ओळी जोडल्या तरी डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावं लागतं. आयनोडमध्ये, म्हणजे फाइलच्या माहितीच्या नोंदीत, नवा आकार आणि ब्लॉकचा (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्याचा) पत्ता, बिटमॅपमध्ये ‘हा ब्लॉक घेतला’ अशी खूण, आणि खुद्द ब्लॉकमध्ये मजकूर. आयनोड लिहून झाला आणि बिटमॅप लिहायच्या आत वीज गेली, तर तोच ब्लॉक उद्या दुसऱ्या फाइलला दिला जातो आणि दोन्ही फाइली एकमेकींवर लिहू लागतात. जर्नल नसलेल्या जुन्या ईएक्सटी२ च्या काळात असल्या विसंगती शोधायला एफएससीके हे तपासणीचं साधन सगळी फाइल सिस्टीम चाळत बसायचं. डिस्क मोठ्या होत गेल्या तसं ते असह्य झालं. स्टीफन ट्वीडी यांनी जर्नल जोडून केलेलं ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या २.४.१५ कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं, आणि ईएक्सटी४ डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये स्थिर ठरलं.

जर्नल म्हणजे डिस्कवरच राखून ठेवलेला एक पट्टा. ईएक्सटी४ मध्ये तो बहुतेक वेळा ८ क्रमांकाच्या आयनोडमध्ये असतो, आणि हल्लीची साधनं १२८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पार्टिशनला १ जीबीचं जर्नल देतात. बदललेले मेटाडेटाचे, म्हणजे आयनोड-बिटमॅपसारख्या नोंदींचे, ब्लॉक आधी या पट्ट्यात जातात. सुरुवातीला कोणता ब्लॉक कुठला हे सांगणारा डिस्क्रिप्टर, मग ब्लॉकच्या पूर्ण प्रती, शेवटी ‘हा व्यवहार पूर्ण’ असं सांगणारा कमिट ब्लॉक. मूळ जागी लिहिणं त्यानंतर, सवडीने. वीज गेली तर पुढच्या माउंटला, म्हणजे पार्टिशन वापरात घेताना, कर्नल पट्टा वाचतं, कमिट ब्लॉक असलेले व्यवहार पुन्हा मूळ जागी उतरवतं आणि अर्धवट व्यवहार सोडून देतं. एफएससीकेला जिथे तासही लागू शकायचा, तिथे हे सहसा काही सेकंदांत उरकतं.

आता त्या शून्य बाइटकडे. नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ मोडमध्ये जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा जातो. नव्याने घेतलेल्या ब्लॉकमधला मजकूर आधी आपल्या जागी लिहायचा, मगच त्याचा मेटाडेटा कमिट करायचा, एवढा क्रम तो पाळतो. पण ईएक्सटी४ ब्लॉक लगेच घेतच नाही. मजकूर मेमरीत ठेवतं आणि जागा नंतर ठरवतं, म्हणजे सलग जागा मिळते आणि वेग वाढतो. फाइल तयार झाल्याची नोंद साधारण ५ सेकंदांत कमिट होते. मजकूर मात्र ३० सेकंद किंवा थोडा जास्तच मेमरीत राहू शकतो. त्या मधल्या वेळात लाइट गेली की नाव शाबूत, आत काही नाही. फाइल सिस्टीमच्या दृष्टीने ही अवस्था पूर्ण सुसंगत आहे, म्हणून एफएससीकेही तक्रार करत नाही.

यावर ‘माउंटचे पर्याय लिहायच्या एफएसटॅब फाइलमध्ये कमिट=१ टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने जर्नल दर सेकंदाला कमिट होईल, पण मजकूर मेमरीतून कधी निघायचा हे तो आकडा ठरवत नाही. ते ठरतं व्हीएम.डर्टी_एक्स्पायर_सेंटीसेक्स या सेटिंगवर. तिथे मुळात ३००० असतं, म्हणजे ३० सेकंद. ५०० केलं तर धोक्याची खिडकी लहान होते, बंद होत नाही.

बंद करायची तर प्रोग्रामनेच करायला हवी. त्याच पार्टिशनवर तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, तिच्यावर एफसिंक (मेमरीतला मजकूर डिस्कवर पोचवायची आज्ञा) करा, मग रिनेमने जुन्या नावावर आणा, शेवटी फोल्डरवरही एफसिंक करा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. एफसिंक गाळून केलेल्या रिनेमला ईएक्सटी४ थोडं सांभाळून घेतं, कारण २००९ मध्ये शून्य बाइटच्या तक्रारींनंतर थिओडोर त्सो यांनी तशी सोय केली. पण ती जुन्या फाइलची जागा घेताना लागू होते. कोऱ्या नावाने केलेल्या फाइलला नाही. शेल स्क्रिप्टमध्ये ‘सिंक’ पुढे फाइलचं नाव दिलं की तेवढीच फाइल डिस्कवर ढकलली जाते.

एफसिंकचं उत्तर तपासा, आणि ते ‘चूक’ आलं तर पुन्हा तेच करून पाहू नका. लिनक्सवर लिहिणं फसल्यानंतर मेमरीतली ती पानं ‘स्वच्छ’ समजली जाऊ शकतात आणि दुसरा एफसिंक खुशाल ‘झालं’ म्हणतो. पोस्टग्रेएसक्यूएलवाल्यांना हे २०१८ मध्ये उमगलं. तेव्हापासून एफसिंक फसला की त्यांचा डेटाबेस मुद्दाम कोसळतो आणि स्वतःच्या लॉगवरून पुन्हा उभा राहतो.

डेटा=जर्नल हा मोड मजकूरही जर्नलमधून नेतो. सगळं दोनदा लिहिलं जातं आणि जागा उशिरा ठरवण्याची सोयही बंद होते. बिलांच्या छोट्या, वेगळ्या पार्टिशनला चालेल. पूर्ण मशीनला लावण्यात अर्थ नाही. रूट पार्टिशनला, म्हणजे खुद्द सिस्टीम असलेल्या पार्टिशनला, लावायचाच असेल तर एफएसटॅबमध्ये लिहू नका. रूट आधीच माउंट झालेलं असतं, रिमाउंट करताना मोड बदलता येत नाही, आणि मशीन बूट होताना अडकतं. ट्यूनटूएफएस या साधनाने सुपरब्लॉकमध्येच, म्हणजे फाइल सिस्टीमच्या मुख्य नोंदीत, नोंदवा.

एवढं करूनही डिस्क खोटं बोलू शकते. तिचा स्वतःचा राइट कॅश (लिहायचा मजकूर तात्पुरता ठेवायची मेमरी) असतो, आणि कमिट ब्लॉक खरोखर टिकला का हे कर्नल फ्लश (‘कॅश रिकामा कर’) आज्ञा देऊन पक्कं करतं. जुन्या ब्लॉगांवर ‘माउंट करताना नोबॅरियर लावा, वेग वाढतो’ असं वाचलं असेल तर विसरा. त्याने या फ्लश आज्ञा बंद होतात, आणि जर्नलवर भरवसा ठेवण्याचं कारणच उरत नाही. काही स्वस्त यूएसबी केसेस फ्लश पुढे पोचवतच नाहीत. संशय असेल तर एचडीपार्म या आज्ञेने डिस्कचा राइट कॅश बंद करा, वेग पडेल हे गृहीत धरून.

सिल्व्हर मॉलमधून ६०० व्हीएचा यूपीएस आणताना मागे यूएसबी पोर्ट आहे का ते आधी बघा. पोर्ट नसेल तर बॅटरी संपत आली हे मशीनला कळतच नाही, आणि वीज जायची ती पंधरा मिनिटांनी जाते इतकंच. पोर्ट असेल तर नट हा प्रोग्राम मशीन नीट बंद करतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. पीसीचा पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि इन्व्हर्टरचा साधा मोड त्याहून उशिरा उठू शकतो.

मशीन असं धाडकन बंद झाल्यानंतर आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचा. ‘रिकव्हरी कम्प्लीट’ असेल तर जबरदस्तीचं एफएससीके गरजेचं नाही. पार्टिशन फक्त-वाचन झालं असेल तर रिमाउंट करून काम रेटू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि अनमाउंट अवस्थेतच ईटूएफएससीके (ईएक्सटी४ चं एफएससीके) चालवा. त्याआधी डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ‘पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेल्या तुकड्यांचा आकडा) बघा. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रतिमा घ्या, कारण दुरुस्ती म्हणजे आजारी डिस्कवर आणखी लिहिणं. आणि नुसतं ‘आरओ’ देऊन माउंट केलं तरी जर्नल उतरवलं जातं, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. खरंच काही बदलायला नको असेल तर ‘आरओ,नोलोड’ असं द्या.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमवर वेगळी फसगत होते. लॉग (तिथलं जर्नल) उतरवायचा बाकी असेल तर एक्सएफएस_रिपेअर काम नाकारतं आणि ‘-एल’ पर्यायाचा उल्लेख करतं. घाबरलेला माणूस तोच लावतो. त्याने लॉग पुसला जातो आणि त्यातले शेवटचे बदलही. आधी नुसतं माउंट करून अनमाउंट करा. बहुतेकदा तेवढ्यात काम होतं.

चुकून पुसलेली फाइल किंवा कुजलेला सेक्टर याच्याशी जर्नलचा संबंध नाही. ईएक्सटी४ मेटाडेटाची चेकसम (बिघाड ओळखायचा आकडा) ठेवतं, तुमच्या मजकुराची नाही. ती हवी असेल तर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस. बॅकअप तिन्हींवर हवाच.

आपला प्रोग्राम यातून तगतो का हे बघायचं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिखाण चालू असताना /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये इंग्रजी छोटं ‘बी’ अक्षर लिहा. सिंक न करता मशीन तत्क्षणी रीबूट होईल, मग फाइली तपासा. डिस्कच्या कॅशची परीक्षा मात्र यात होत नाही, कारण वीज गेलेलीच नसते. त्यासाठी रिकाम्या डिस्कवर खरोखर प्लग ओढावा लागतो.