वॉस्डेल हेड: शवपेट्यांच्या वाटेने जाणार असाल तर

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या बूट गावातून वॉस्डेल हेड या वाडीला जाणारी वाट ‘अगदी सोपी’ आहे, असं मला मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं होतं. चढापुरतं ते खरं. पण बर्नमूर तळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा माळ ही निव्वळ दलदल आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. वरून लुसलुशीत हिरवळ दिसते. पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. फिकट हिरवं किंवा लालसर शेवाळ दिसलं की वळसा घ्या. ताठ गवताचे तपकिरी झुबके दिसतील, त्यांच्यावर पाय देत चला. गेटर्स (बुटांवरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) नसतील तर जाऊच नका. धुक्यात इथे वाट हरवते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

याच चिखलातून लोक आपली माणसं पुरायला नेत. वॉस्डेल हेडच्या चर्चला १९०१ पर्यंत दफनभूमीची परवानगीच नव्हती. त्यामुळे शवपेटी घोड्यावर बांधायची आणि माळ ओलांडून बूटच्या सेंट कॅथरीन चर्चला न्यायची. भर हिवाळ्यात हे कसं केलं असेल, या विचाराने मला चालता चालता भरून आलं.

वाडी म्हणजे मोजकी घरं, एक जुनी सराई आणि सदाहरित यू वृक्षांच्या आड दडलेलं ठेंगणं सेंट ओलाफ चर्च. एका बाजूला स्केफेल पाइक (९७८ मीटर), इंग्लंडमधला सर्वांत उंच डोंगर. खाली वॉस्टवॉटर (खोली ७९ मीटर), इंग्लंडमधलं सर्वांत खोल सरोवर. गडगे मात्र थांबून बघा. हिमनदीने आणि ओढ्यांनी आणून टाकलेले दगड शेतांतून वेचले, ते इतके निघाले की रचायला जागा पुरेना, म्हणून गडगेच भलते रुंद केले. चर्चच्या खिडकीतल्या छोट्या काचेवर इथलाच नेप्स नीडल सुळका कोरलाय. वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ १८८६ मध्ये त्यावर एकटा, दोराशिवाय चढला. बाहेरच्या दफनभूमीत १९०३ मध्ये शेजारच्या स्केफेल डोंगरावर पडून मेलेले गिर्यारोहक आहेत.

परतीला टॅक्सीवाल्याने रिकाम्या फेरीचेही पैसे लावले. मोटारीचा रस्ता सरोवराच्या काठाने येतो आणि इथेच संपतो, त्यामुळे घासाघीस चालत नाही. भाडं आधीच ठरवा.

माझं स्पष्ट मत: आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर बर्नमूरचा नाद सोडा. केसिक शहरातून बसने सीटॉलर गावाला या आणि स्टाय हेड खिंडीतून उतरा. चढ जास्त आहे, पण पायाखाली दगड आहे. कोरडं असेल तर रेव्हनग्लासहून छोट्या रेल्वेने बूटजवळच्या डेलगार्थ स्टेशनला सकाळीच उतरा, चालायला तीन तास धरा, आणि परतही तसंच येणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी स्टेशनवर विचारून घ्या.