आधी गोळी कोणी झाडली?

प्रश्न तसा साधा आहे. दूरच्या एका ग्रहावरच्या गुत्त्यात टेबलाच्या दोन बाजूंना दोघे बसलेत. एक हान सोलो: चोरटा माल वाहणारा, बेरकी, डोक्यावर कर्ज. दुसरा हिरव्या कातडीचा ग्रीडो, बंदूक रोखून वसुलीला आलेला. थोडं बोलणं होतं, धूर होतो आणि ग्रीडो टेबलावर कोसळतो. २५ मे १९७७ला 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला तेव्हा यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. हानने टेबलाखालून बार काढला, ग्रीडो मेला, गुत्तेवाल्याकडे नाणं फेकून हान चालता झाला. पुढे १९९७मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकसने चित्रपटाची डागडुजी करून तो पुन्हा आणला. त्यात आधी ग्रीडो गोळी झाडतो आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. २००४च्या डीव्हीडीत दोघे जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९मध्ये तर ग्रीडोच्या तोंडी शेवटच्या क्षणाला 'मक्लंकी' असा एक शब्द आला. तेवढ्यासाठी जगभरचे लोक रात्रभर जागले. आमचे भाऊजीही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शाळेत असताना आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या कोणाकडे तरी भाड्याचा व्हीसीआर आला की तिथे ठाण मांडून त्यांनी हे चित्रपट पाहिले. कॅसेट इतकी झिजलेली की अर्धा वेळ पडद्यावर पट्टेच. त्या पट्ट्यांसकट त्यांना सगळं पाठ आहे. त्यांचा प्रतिपक्ष म्हणजे आमचा भाचा. हा २००५चा शिष्य. १९९९ ते २००५ या काळातल्या मधल्या तीन चित्रपटांवर वाढलेला. तिसरी भाऊजींची लेक. ती २०१५पासूनच्या तीन चित्रपटांची. दहाव्या वर्षी जे पाहिलं तेच खरं, बाकी सगळी भेसळ, यावर तिघांचं एकमत आहे. फक्त प्रत्येकाचं दहावं वर्ष वेगळं.

मराठीत सुरू झालेलं भांडण तापलं की आमच्याकडे हिंदीवर येतं. 'असं नसतं रे' म्हणता म्हणता 'ऐसा नी होता भिया' सुरू झालं की समजावं, आता कोणी ऐकत नाही. थंडीतल्या एका शनिवारी सराफ्यात हेच झालं. सोन्याचांदीची दुकानं मिटली होती, त्यांच्याच ओट्यांसमोर कढया पेटल्या होत्या. आम्ही गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, घेतले. दुसऱ्यांदा तळून निघालेले, वर लिंबू आणि मसाला, हाताला चटके देणारे. खायचं सोडून भाऊजींनी द्रोणाच्या एका टोकाला एक तुकडा ठेवला, दुसऱ्या टोकाला दुसरा. 'हा हान. हा ग्रीडो.' टूथपिक ही बंदूक. ती त्यांनी द्रोणाच्या काठाखालून हानच्या बाजूने रोखली. 'आता इथून हा झाडतो, आणि त्याला कळायच्या आत...' भाच्याने दुसरी टूथपिक उचलली. 'आणि मामा, हा इथून झाडतो, हे का नाही होऊ शकत?' 'कारण एवढ्या जवळून कोणाचा नेम चुकेल?' गराडूवाला कढईतला झारा थांबवून बघत होता. तेवढ्यात पुतणीने ग्रीडो उचलून तोंडात टाकला आणि पुरावाच संपला.

माझी पहिली प्रतिक्रिया कोणाही गृहिणीची असते तीच होती: गार होतायत, आधी खा. पण घरी येताना भाऊजी जे बोलले ते मला पटलं. हानने आधी गोळी झाडली तर तो आपमतलबी माणूस आहे. मग शेवटी मिळालेले पैसे घेऊन निघून गेलेला तो परत फिरतो आणि कथेच्या नायकाला, ल्यूकला, वाचवतो, त्याला काही किंमत येते. ग्रीडोने आधी झाडली तर हान पहिल्यापासूनच भला माणूस. म्हणजे वाल्याला नारद भेटायच्या आधीच वाल्मीकी करून ठेवलं. मग कथा कशाची सांगणार?

लुकसबद्दल मात्र भाऊजी एक गोष्ट अशी सांगतात की ऐकणाऱ्याला पुराणातली वांगी आठवलीच पाहिजेत. १९८८मध्ये जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग फासायची टूम निघाली होती. तेव्हा लुकस स्वतः अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेला आणि नफ्यासाठी किंवा सत्तेच्या जोरावर कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, अशी साक्ष देऊन आला. नऊ वर्षांनी त्याने आपलेच तीन चित्रपट बदलले, आणि जुनी आवृत्ती जवळजवळ मिळेनाशी केली. २००६मध्ये ती डीव्हीडीवर जोड म्हणून दिली खरी, पण जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. चित्र त्या काळातच राहिलेलं.

भाचा याचं उत्तर वकिलासारखं देतो. लुकस बोलत होता ते मालकांबद्दल, ज्यांनी चित्रपट विकत घेतले आणि रंगवले त्यांच्याबद्दल. कलावंताने स्वतःचं काम स्वतः सुधारलं तर तो रानटीपणा कसा? मुद्दा बिनतोड वाटतो. पण भाऊजी हळूच विचारतात, १९८०चा चित्रपट कोणी दिग्दर्शित केला होता? अर्विन कर्शनरने. १९८३चा? रिचर्ड मार्क्वांडने. मग त्यांच्या चित्रांवर हात फिरवणारा हा कोण, कलावंत की मालक? इथे भाचा पाणी प्यायला उठतो.

माझं मत विचाराल तर मी एकनाथांच्या बाजूची आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून नकलून त्यांत वाटेल ते घुसलं होतं. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. स्टार वॉर्सच्या चाहत्यांनी नेमकं हेच काम केलं. जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंट मिळवल्या, एकेक चौकट धुऊन-पुसून १९७७चा पाठ पुन्हा उभा केला. पगार नाही, बक्षीस नाही, वर कायद्याची भीती. फरक एकच. नाथांनी दुसऱ्यांच्या नरोट्या काढल्या. इथे ताट वाढणाऱ्यानेच नरोटी ठेवली होती, आणि तो म्हणत होता, हीच खरी अमृताची वाटी.

अर्थात हे आपल्या माणसाला समजायला जड जाऊ नये. जुनं संगीत नाटक तीन तासांत बसवून कोणी इंदूरला आणलं की मध्यंतरात चहाच्या रांगेत हेच ऐकू येतं. अमुक पद गाळलं, तमुक अंतरा खाल्ला, पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं. बोलणारे काका पहाटेपर्यंत चाललेल्या प्रयोगाला होते का, हे विचारायचं नसतं.

सगळ्यात गंमत सासूबाईंची. त्यांनी नातवाच्या आग्रहाखातर पहिला चित्रपट पाहिला. तलवारी, स्फोट, काळा मुखवटा, कशानेच त्या हलल्या नाहीत. शेवटी दरबारात राजकन्या लेया ल्यूकला आणि हानला पदक घालते, तेव्हा मात्र म्हणाल्या, 'आणि त्या केसाळाला?' हानचा जोडीदार च्यूबाका तिथेच शेजारी उभा असतो, गळा रिकामा. 'एवढा लढला बिचारा. मारुतीलासुद्धा सीतामाईने हार दिला होता.' त्यांना काय कल्पना की हा जागतिक वाद आहे! चाहत्यांनी ही तक्रार इतकी लावून धरली की अखेर २०१९च्या चित्रपटात, बेचाळीस वर्षांनी, च्यूबाकाच्या हातात पदक ठेवलं. भाच्याने ते दृश्य त्यांना मुद्दाम दाखवलं. 'गळ्यात कुठे घातलं? हातात दिलं,' असं म्हणून त्यांनी तोही निकाल फेटाळला.

तेव्हापासून मला वाटू लागलं की हे चाहते म्हणजे पुराणाला पुढच्या सतरंजीवर बसणारे शंकेखोर श्रोते आहेत. आमच्या लहानपणी देवळात एक तरी असा म्हातारा असायचा. बुवा रंगात आले की हा मध्येच विचारणार, पण तेव्हा तो तिथे कसा पोचला? बुवा डगमगायचे नाहीत. एक उपकथा काढायचे. अमक्याला पूर्वी वर मिळाला होता, तमक्याला शाप होता. शंका बुजायची आणि वर एक नवी गोष्ट मिळायची. स्टार वॉर्स अशाच बुजवलेल्या शंकांवर फुगत गेलं आहे. डेथ स्टार या शत्रूच्या चंद्राएवढ्या लढाऊ तळावर दोन मीटरचं एक भोक, त्यात नेम धरून मारलं की सगळं खलास. एवढा गाढवपणा कोणता अभियंता करील, ही शंका वर्षानुवर्षं होती. २०१६मध्ये त्यावर अख्खा चित्रपट निघाला: अभियंत्याने मुद्दाम खोट ठेवली होती, कारण त्याला जबरदस्तीने कामाला जुंपलं होतं. ही उपकथा मूळ कथेपेक्षा सरस आहे असं मला वाटतं. भाऊजींसमोर मी हे म्हणत नाही.

काही शंका मात्र श्रोत्यांनाच बुजवाव्या लागतात. १९८३मध्ये लेया सांगते की तिला आई अंधुक आठवते, सुंदर होती, पण उदास. २००५च्या चित्रपटात ती आई बाळंतपणातच जाते. भाचा म्हणतो, फोर्सच्या, म्हणजे त्या कथेतल्या अदृश्य शक्तीच्या, बळावर आठवलं. भाऊजी म्हणतात, लिहिणारा विसरला. सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, 'अभिमन्यूला पोटात असताना चक्रव्यूह कळला, हिला आईचा चेहरा आठवला तर काय झालं?' भाच्याने पायाच धरले.

शेजारचे काका कॅट या इथल्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेत, आयुष्य लेझरमध्ये गेलं. मला वाटलं होतं ते त्या प्रकाशाच्या तलवारीवर तुटून पडतील; उजेड तीन फुटांवर थांबतो कसा? पण तलवारीला ते काही म्हणाले नाहीत. त्यांचा आक्षेप हान बारा पार्सेकच्या आत अमुक फेरी मारल्याची फुशारकी मारतो त्याला. पार्सेक हे अंतर आहे, वेळ नव्हे, सव्वातीन प्रकाशवर्षं. २०१८च्या चित्रपटात त्याने जवळची वाट काढली म्हणून अंतर कमी झालं, अशी उपकथा आली तेव्हा काकांनी 'ठीक आहे' एवढंच म्हटलं, पण चेहऱ्यावरून समाधान झालेलं दिसलं नाही.

श्राद्धाला वडिलांचा फोटो कोणत्या वयातला लावायचा यावर आमच्या घरात एकदा मोठं रामायण झालं होतं, म्हणून पुढचा वाद मला चटकन कळला. १९८३च्या चित्रपटाच्या शेवटी ल्यूकला मेलेल्या बापाचं, म्हणजे काळ्या मुखवट्याच्या व्हेडरचं, जे रूप दिसतं ते म्हाताऱ्या सेबॅस्टियन शॉचं होतं. २००४मध्ये त्याजागी मधल्या चित्रपटांत तरुणपणीचा बाप झालेला हेडन क्रिस्टेन्सन आणून उभा केला. भाच्याला तोच बाप. भाऊजी म्हणतात, ल्यूकने ज्याला कधी पाहिलं नाही तो माणूस त्याला ओळखू कसा आला?

इथवर सगळं मजेत. पण या श्रोत्यांत असे लोकही आहेत ज्यांना शंका विचारायची नसते, कोणाला तरी सतरंजीवरून उठवायचं असतं. १९९९च्या चित्रपटातला जार जार बिंक्स लोकांना आवडला नाही, मलाही नाही. पण ती भूमिका करणाऱ्या अहमद बेस्टवर एवढा विखार ओतला गेला की तो जीव द्यायच्या टोकापर्यंत गेला होता, हे त्याने स्वतः २०१८मध्ये सांगितलं. त्याच वर्षी केली मरी ट्रॅनने छळाला कंटाळून इन्स्टाग्रामवरचं आपलं सगळं पुसून टाकलं. तिचा गुन्हा काय, तर २०१७च्या चित्रपटात तिने एक साधी, हसरी यंत्रकामगार मुलगी केली. हा विषय निघाला की पुतणी गप्प बसते आणि मग एकदम भडकते. तिच्या कपाटाच्या दारावर त्याच मुलीचं चित्र आहे. भाऊजींनी एकदा 'ते पात्रच नको होतं' असं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, 'बाबा, पात्र नको म्हणा. तिला नको म्हणणाऱ्यांत बसू नका.' भाऊजी त्यावर वाद घालत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र तिन्ही पक्ष एक आहेत. २०१९च्या चित्रपटात जुना सम्राट पॅल्पटाइन परत येतो. १९८३मध्ये त्याला खोल खड्ड्यात फेकलं होतं, स्फोट झाला होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. मग आला कसा? पडद्यावरचा एक वैमानिक सांगतो: कसा कोण जाणे, पॅल्पटाइन परत आलाय. संपलं. उपकथा नाही, वर नाही, शाप नाही. हे ऐकून भाऊजींनी सोफ्यावरची उशी फेकली आणि भाच्याने ती त्यांना परत आणून दिली, पुन्हा फेकायला.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'जय-विजय नाहीत का? वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिकांनी शाप दिला. म्हणून आधी हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. तीनदा मारावं लागलं. तुमचेही तीन भाग आहेत ना तीन-तीनाचे?'

भाचा ताडकन उठून बसला. 'आजी, पण पॅल्पटाइन एकटाच आहे. दुसरा द्वारपाल कोण?'

'व्हेडर,' भाऊजी म्हणाले.

'व्हेडर सुधारला, मामा! शेवटी त्याला मुक्ती मिळाली!'

'मग विजय आधी सुटला असेल,' सासूबाई म्हणाल्या. 'मला काय विचारता, ते बनवणाऱ्याला विचारा. आणि पोहे भिजवलेत का कोणी सकाळचे?' कोणीही उत्तर दिलं नाही. भाऊजींनी कागद ओढून तीन उभे रकाने आखले होते, आणि दंतवक्राच्या जागी कोणाला घालायचं यावर 'ऐसा नी होता भिया' सुरू झालं होतं.