गाडीतला १२ ते ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर: रेडिओची खरखर कुठवर आली

मंडळी, नवा बोर्ड जोडून गाडीत बसवला आणि फरक लई आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. डॅशकॅम आणि मोबाईल चार्जिंग मिळून ३ अँपिअरचा बक (झपाट्यानं चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट) आहे, कंट्रोलर आणि बाहेर दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), चालू-बंदची फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्विचिंग, एका रेझिस्टरनं ठरतं. जुन्या बोर्डावर ते ४१७ किलोहर्ट्झच्या आसपास होतं. आता बघा, स्विचिंगच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवरपण गोंगाट निघतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. ४१७ गुणिले ३ म्हणजे १२५१, आणि सांगली आकाशवाणी मिडीयम वेव्हला (एएम) नेमकी १२५१ वर. आमचे काका गाडीत सांगलीच लावतात, त्यामुळं चार्जर लावला की शिट्टी सुरू. बरं सरळ ४०० करावं तर दुसरा हार्मोनिक ८०० वर, पुणे आकाशवाणीच्या ७९२ ला अगदी खेटून. शेवटी ३८५ वर आणलं, हार्मोनिक ७७०, ११५५, १५४० असे पडतात आणि दोन्ही स्टेशनं मोकळी राहतात. २.१ मेगाहर्ट्झला चालवून एएम बँडच्या वर जाता येतं, पण स्विचिंग लॉस वाढतो आणि उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली ती जादाची उष्णता मला नको होती.

एफएमचं दुखणं वेगळं. तिथं व्होल्टेज किती झटक्यात चढतं आणि चढल्यावर किती थरथरतं (यालाच रिंगिंग म्हणतात) हे महत्त्वाचं. बरेच जण खरखर आली की इनपुटला मोठा फिल्टर लावून मोकळे होतात, माझं मत ठाम आहे की फिल्टर शेवटी, आधी हॉट लूप. हॉट लूप म्हणजे इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर, वरचा मॉसफेट, खालचा मॉसफेट आणि परत कपॅसिटरचा ग्राउंड, या वाटेनं करंट क्षणात चालू-बंद होतो, आणि ही वाट जेवढं क्षेत्र घेरते तेवढा मोठा अँटेना. म्हणून चार लेयरचा बोर्ड केला, सिरॅमिक मॉसफेटला चिकटवून, लगेच खालच्या लेयरला अखंड ग्राउंड, स्विच नोडचं (दोन्ही मॉसफेट इंडक्टरला जुळतात तो जोड) तांबं गरजेपुरतंच आणि इंडक्टर शील्डेड.

रिंगिंगची उंची निम्म्यावर आली. पण लूपचा इंडक्टन्स घटला की रिंगिंगची फ्रिक्वेन्सी चढते, ती ७० वरून ९५ मेगाहर्ट्झवर गेली, म्हणजे कोल्हापूरच्या टोमॅटो एफएमच्या ९४.३ च्या मानगुटीवर. मग स्नबर, म्हणजे रिंगिंग शोषून घेणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. स्विच नोडवरून ग्राउंडला छोटे कपॅसिटर डाग मारून वाढवत गेलो, १ नॅनोफॅरडला फ्रिक्वेन्सी निम्मी झाली, म्हणजे मूळचा चोरटा (सर्किटात आपसूक असलेला) कपॅसिटन्स त्याच्या एक तृतीयांश, ३३० पिकोफॅरड. त्यावरून इंडक्टन्स साधारण ८.५ नॅनोहेन्री आणि रेझिस्टर ५ ओहमच्या आसपास निघतो. ४.७ ओहम आणि १ नॅनोफॅरड सिरीजमध्ये लावले, रिंगिंग एका झोक्यात मरतं. यात वाया जाते जेमतेम ०.०८ वॅट. हे मोजताना स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढा, टोकाला छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर वायरचंच रिंगिंग बघत बसाल.

वरच्या मॉसफेटच्या गेटला थोडा रेझिस्टरपण दिलाय, कड मऊ होते, मॉसफेट किंचित जास्त तापतो, चालतंय.

त्यानंतर इनपुटला पाय (π आकाराचा) फिल्टर, मधे २.२ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणि दोन्हीकडं सिरॅमिक. सिरॅमिकवर १४ व्होल्ट डीसी बसला की छापलेल्या किमतीतली बरीच कपॅसिटी गायब होते, त्यामुळं ५० व्होल्टवाले आणि मोठ्या साईजचे घ्या. कन्व्हर्टरच्या बाजूला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक हवाच, त्याचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) फिल्टरला आवरतो, नाहीतर फिल्टर आणि कन्व्हर्टर एकमेकांना झुलवत बसतात.

टेस्टिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणलाय, टेबलावर तो पसरून वायर त्याच्या ५० मिलिमीटर वर ठेवतो, सिस्पर २५ मध्ये (गाडीतल्या रेडिओ गोंगाटाचं आंतरराष्ट्रीय मानक) सांगितल्यासारखं, आणि ५ मायक्रोहेन्रीचे दोन एलआयएसएन (सप्लायच्या वायरवरचा गोंगाट मोजायला मधे लावायचं सर्किट) घरीच बांधलेत.

आता सांगली स्वच्छ, टोमॅटो स्वच्छ. आकाशवाणी कोल्हापूरला १०२.७ वर अजून बारीक खरखर आहे, पण डॅशकॅमची वायर उपटली की तीपण जाते, म्हणजे ती आउटपुटच्या वायरवरचा कॉमन मोड करंट (सगळ्या तारांतून एकाच दिशेनं वाहणारा) आहे. पुढचं काम तिथं कॉमन मोड चोक. शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडं कुणाकडं स्पेक्ट्रम अॅनालायझर असेल तर सांगा, बोर्ड घेऊन येतो.